भिंतीवरचं कृपया

सोमवार, ३ तारीख

पाळक म्हणाले, रोज पवित्र शास्त्रातला एक उतारा वाच, त्यात देवाची कृपा कुठे सापडते आणि देवाचा विश्वासूपणा कुठे सापडतो ते बघ, आणि जे कळलं ते लिहून ठेव. मी म्हटलं, काहीच कळलं नाही तर?

"तर 'कळलं नाही' असं लिही. मी वाचणार नाही, कोणीच वाचणार नाही. फक्त खोटं लिहू नकोस."

आठवीनंतर मला कोणी गृहपाठ दिला नव्हता. गंमत वाटली म्हणून हो म्हटलं. गंमत वाटली म्हणून हो म्हणायचं, हा माझा जुनाच रोग आहे.

हे सगळं एका भिंतीसाठी. प्रार्थनेच्या हॉलची डागडुजी चालू आहे आणि समोरची मोठी भिंत, जिच्यापुढे उभं राहून पाळक बोलतात ती, कोरी आहे. तिच्यावर वचन लिहायचंय, कृपेबद्दल आणि विश्वासूपणाबद्दल. लिहिणार काका, म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. काका पेंटर. इथल्या निम्म्या पाट्या त्यांच्याच हातच्या. पण त्यांना झटका आला, उजवा हात गेला, मग अर्धामुर्धा परत आला. डोळ्यांपुढे अक्षरं तरंगतात, वाचता येत नाही. वचन तुम्हीच निवडा असं पाळकांनी त्यांना सांगितलंय, आणि काका म्हणतात, तू वाच, मी ऐकतो. मावशी दिवसभर हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते. म्हणून आईने मला पाठवलं. तशीही तू मोकळीच आहेस, म्हणाली. मी मोकळी नव्हते, मी फक्त बेकरी सोडली होती. त्याआधी फोटो स्टुडिओ सोडला होता. त्याआधीचं जाऊ दे.

मावशी दारातच म्हणाली, "ये भिंगरे. पायातली भिंगरी तेवढी बाहेर काढून ये." लहानपणापासून ती मला भिंगरीच म्हणते. एका जागी ठरत नाही म्हणून. खरं नाव तिला आठवत असेल की नाही, शंकाच आहे.

आज उतारा वाचला नाही. प्रवासाने दमले.

मंगळवार, ४ तारीख

मला वाटलं होतं काम सोपं आहे. पुस्तक उघडायचं, 'कृपा' शब्द शोधायचा, वाक्य उचलायचं, भिंतीवर टाकायचं. पण पानं उलटताना मध्येच एक बोलणारं गाढव सापडलं. एक संदेष्टा गाढवीवर बसून नको त्या कामाला निघालाय. वाटेत तलवार घेतलेला देवदूत उभा. गाढवीला दिसतो, संदेष्ट्याला दिसत नाही. ती बिचारी अंग चोरते, बाजूला होते, शेवटी खाली बसते, आणि हा तिला काठीने झोडतोय. मग ती तोंड उघडून विचारते, मी तुझं काय वाकडं केलं?

काकांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, यात कृपा कुठे आहे? मी म्हटलं, माहीत नाही, पण भारी आहे. ते म्हणाले, "कृपा गाढवीवर झाली. तिला दिसलं."

मग आम्ही बराच वेळ कुठल्या जनावराला बोलता आलं तर काय होईल यावर बोलत बसलो. काकांचं मत, मांजराला आलं तर घराघरांत भांडणं लागतील.

कळलं नाही.

गुरुवार, ६ तारीख

आज हॉलवर गेलो. आत सिमेंटचा आणि रंगाचा वास, बाकं एकावर एक रचलेली. भिंतीला पांढरा ऑइल पेंट मारून झालाय. काका तिच्यासमोर खुर्ची ठेवून बसले आणि नुसते बघत राहिले, कोणी पाहुण्याकडे बघावं तसे.

तिथे मंडळीचे सेक्रेटरी आले. त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, काकांसाठी सफरचंदं घेऊन आले होते. पण बोलता बोलता म्हणाले, तेवीस तारखेच्या रविवारी हॉल उघडायचा, बाहेरून पाहुणे येणार, तोवर भिंत कोरी राहिली तर बरं दिसणार नाही. आपला फ्लेक्स तयार ठेवतो. पेंटर, मनावर घेऊ नका, हात बरा झाला की सावकाश लिहा.

सेक्रेटरी गेल्यावर काका मला म्हणाले, "त्या भिंतीवर फ्लेक्स लागला ना पोरी, की मला पुन्हा कोणी ब्रश देणार नाही. आणि मी मागणारही नाही." एवढंच. मग सफरचंद कापायला सांगितलं.

आजचा उतारा माशाच्या पोटातल्या संदेष्ट्याचा. मासा सगळ्यांना माहीत असतो, मलाही होता. पुढचं माहीत नव्हतं. देव त्याला एका वाईट शहरात जा म्हणतो, हा बोटीत बसून बरोबर उलट्या दिशेला पळतो. शेवटी नाइलाजाने जातो, शहर सुधारतं, देव त्यांना माफ करतो. आणि हा चिडतो! देवाला म्हणतो, तू कृपाळू आहेस हे मला आधीच ठाऊक होतं, म्हणून तर मी पळालो. म्हणजे देव कडक आहे म्हणून पळाला नाही, मायाळू आहे म्हणून पळाला. असं कोणी पळतं का?

शिवाय रुसून बसलेल्या त्या माणसाच्या डोक्यावर सावली यावी म्हणून देव वेल उगवतो. शिक्षा द्यायची सोडून सावली.

मला तो संदेष्टा आवडला. पण कळलं नाही.

रविवार, ९ तारीख

उपासना सध्या हॉलच्या मागच्या खोलीत होते. प्रवचनात पाळक म्हणाले, देव विश्वासू आहे. मी अडकले तिथेच. विश्वासू कुत्रा ऐकलाय. विश्वासू नोकर, विश्वासू वॉचमन. विश्वासू म्हणजे जो दुसऱ्याचं राखतो, धनी झोपला तरी जागा असतो. मग देव विश्वासू म्हणजे तो कोणाचा? धनी कोण?

उपासनेनंतर पाळकांना विचारलं. वाटलं, रागावतील. ते चष्मा पुसत उभे राहिले. म्हणाले, चांगला प्रश्न आहे, मला आजवर सुचला नव्हता. पाळकांनाच येत नसेल तर मी कुठून आणू?

घरी आल्यावर मावशीने एक खण रिकामा केला. म्हणाली, पिशवीतले कपडे इथे ठेव. मी म्हटलं, अगं थोड्या दिवसांसाठी कशाला, पिशवीतच बरे आहेत. ती म्हणाली, "कपड्यांना पण पाठ टेकावीशी वाटते गं." खण उघडाच ठेवून गेली. आता येता-जाता गुडघ्याला लागतो.

बुधवार, १२ तारीख

काकांची एक काठी आहे. टोकाला कापडाचा गोळा बांधलेला. पेंटर लोक डाव्या हाताने ती काठी भिंतीला टेकवतात आणि उजवं मनगट तिच्यावर ठेवून अक्षर काढतात, म्हणजे हात हलत नाही. आता काकांना ती काठी धरता येत नाही. डाव्या हातात जोर आहे, पण दोन्ही हात एकत्र चालत नाहीत, एक दुसऱ्याचं ऐकत नाही. त्यांनी खूप विचार करून उपाय काढला, की काठी मी व्हायचं. मी भिंतीकडे पाठ करून उभं राहायचं, काका माझ्या खांद्यावर मनगट टेकवून माझ्या मागच्या भिंतीवर लिहिणार.

मागच्या अंगणात जुन्या दारावर सराव केला. 'हलू नकोस' हे दोन शब्द मी आज जन्मात ऐकले नसतील इतके ऐकले. मला नाकाला खाज येते. पाय बदलावासा वाटतो. कावळा ओरडला की बघावंसं वाटतं. काकांचं पहिलं अक्षर 'क' होतं, ते खालून शेपटी फुटल्यासारखं झालं.

"अगं, खांदा आहे की झोपाळा?" मावशी खिडकीतून म्हणाली.

मला सांगायला हवं होतं की या कामाला मी चुकीची माणूस आहे. सांगितलंही. काका म्हणाले, दुसरा खांदा नाहीये.

संध्याकाळी ते एकटेच एका छोट्या पत्र्यावर डाव्या हाताने काहीतरी लिहीत बसले होते. मी डोकावले तर 'भिं' एवढंच होतं. बहुतेक 'भिंत' लिहीत असतील. त्यांच्या डोक्यात दुसरं काही नाहीच.

उतारा आज रडण्याच्या पुस्तकातला. शहर जळालंय, सगळं संपलंय, आणि सगळ्या रडारडीच्या मधोमध तो लिहिणारा म्हणतो, देवाची करुणा रोज सकाळी नवी असते. मागेपुढे नुसतं रडणं. हे एकच वाक्य वाट चुकून आल्यासारखं. मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रोज नवी असते ते ठीक आहे. पण रोज इस्त्री कोण करतं, ते कुणी लिहिलंय का?" आणि दुसऱ्या दिवसासाठी काकांचा शर्ट घडी करायला घेतला.

कळलं नाही.

शनिवार, १५ तारीख

चिमणीचा निरोप आला. चिमणी म्हणजे फोटो स्टुडिओतली माझी मैत्रीण. ती आता प्रवासी बोटीवरच्या कॅन्टीनमध्ये आहे. तिथे एक जागा आहे, बोट शुक्रवारी दुपारी इथल्याच धक्क्यावरून सुटते, येतेस तर ये. खिडकीतून रोज वेगळं पाणी दिसतं, म्हणे.

मी येते म्हणून कळवलं. शुक्रवारपर्यंत भिंत होऊनच जाईल. नाही झाली तर माझ्या हलणाऱ्या खांद्यापेक्षा फ्लेक्स बरा.

मावशीला अजून सांगितलं नाही. ती माझ्या खोलीच्या खिडकीला पडदा शिवत होती. खोली कसली, पूर्वी रंगाचे डबे ठेवायचे ती जागा. मला विचारलं, निळा की पिवळा. मी म्हटलं, काहीही. ती म्हणाली, काहीही रंगाचं कापड मिळत नाही. मग मी निळा म्हटलं.

सोमवार, १७ तारीख

वचन ठरलं. काकांनी ठरवलं, मी नुसती वाचत होते. शास्त्रातल्या एका पत्रात होतं की कृपेने तारण झालं, म्हणजे आपण तरलो, स्वतःच्या कर्तबगारीने नाही, उगाच कोणी फुशारकी मारू नये. काका म्हणाले, थांब, परत वाच. परत वाचलं. म्हणाले, हेच. आणि खाली ते तुझं कुत्र्याचं घालू.

"कुत्र्याचं?"

"देव विश्वासू आहे. छोटं आहे, हाताला झेपेल."

म्हणजे वरची ओळ: कृपेने तुमचे तारण झाले आहे. खालची: देव विश्वासू आहे.

मी विचारलं, काका, तुम्हाला याचा अर्थ कळतो का? ते म्हणाले, मी बँकेच्या पाट्या लिहिल्यात, दवाखान्याच्या लिहिल्यात, एकदा तर रसायनाच्या कारखान्याची लिहिली. अर्थ कळून लिहायचं ठरवलं असतं तर उपाशी मेलो असतो.

त्याच पुस्तकात दुसऱ्या एका पत्रात, कोणा तरुण पोराला लिहिलेल्या, असं आहे की आपण बेइमान झालो तरी तो इमानी राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही. हे वाचून मला विचित्र वाटलं. एकदा वाचलं तर धीर आल्यासारखं वाटतं, दुसऱ्यांदा वाचलं तर कोणीतरी मागे लागल्यासारखं. शुक्रवारचं डोक्यात होतं म्हणूनही असेल.

बुधवार, १९ तारीख

वाईट झालं.

हॉलवर गेलो. निळीत बुडवलेला दोरा ताणून भिंतीवर सरळ रेघा पाडल्या, दोऱ्याचं एक टोक मी धरलं, दुसरं मावशीने. ती सुट्टी टाकून आली होती. काका उभे राहिले, मनगट माझ्या खांद्यावर आलं. जड होतं आणि थरथरत होतं, पिशवीत कोंबडी धरल्यासारखं. ब्रश भिंतीला लागला. आणि मला शिंक आली.

मागे वळून पाहिलं तर 'कृ' च्या जागी छतापर्यंत निळा फराटा. सेक्रेटरी दाराशी होते. त्यांच्या हातात गुंडाळी होती, उंच, प्लास्टिकमध्ये बांधलेली. फ्लेक्स. ती त्यांनी हळूच कोपऱ्यात उभी केली, आजाऱ्याच्या खोलीत कोणी काही ठेवावं तशी.

मावशीने टर्पेंटाइनने फराटा पुसला. काकांनी ब्रश धुतला, बराच वेळ धुतला, मग कापडात गुंडाळून ठेवला. आम्ही घरी आलो. मी सॉरी म्हटलं तर काका म्हणाले, शिंक कोणाच्या हातात असते.

गुरुवार, २० तारीख

काका आज हॉलवर गेलेच नाहीत. मावशी कामावर जाताना मला म्हणाली, त्यांना एकटं सोडू नकोस. मी मान हलवली. उद्याचं सांगणार होते, पण ती बूट घालत होती, मग राहिलं.

काकांनी वाच म्हटलं नाही तरी मी वाचलं. दमलेल्या संदेष्ट्याचं. तो रानात एका झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, पुरे झालं देवा, मला ने. मला वाटलं, आता देव त्याला चांगला खडसावणार. तर देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. भाकरी आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत परत येतो. परत खायला देतो. म्हणतो, वाट तुला झेपायची नाही. बस. प्रवचन नाही, उपदेश नाही, कशाला पळालास नाही.

काकांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला होता. झोपले असतील म्हणून मी वाचायचं थांबवलं. तर टॉवेलखालून म्हणाले, "थांबलीस का? पुढे उठला की नाही तो?"

उठला, म्हटलं. मग मी त्यांना चहा आणि ब्रेड दिला, दुसरं काय देणार.

दुपारी ते पत्रा घेऊन बसले. पत्र्यावर आता 'भिंग' असं झालंय. म्हणजे भिंत नव्हतं. भिंग कशाला लिहितात, कोण जाणे. डाव्या हाताचं अक्षर आहे, पण वळण चांगलं आहे.

शुक्रवार, २१ तारीख

हात अजून दुखतोय, खांदा तर बोलूच नका. पण सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझं मलाच कळणार नाही.

मावशी कामावर, काका पाठ करून झोपलेले. मी पिशवी उचलली आणि निघाले. सांगून निघता आलं नसतं, म्हणून न सांगता. धक्क्याच्या वाटेवर घड्याळवाल्याचं दुकान आहे. तो दाराशीच डोळ्याला भिंग लावून बसला होता, आणि मी रस्त्यात उभी राहिले. भिंग! हात्तिच्या. माणसाला वाचता येत नाही, तोंडाने मागवत नाही, पत्र्यावर लिहून बसलाय, आणि मी रोज बघून कोण जाणे म्हणतेय.

घड्याळवाल्याला सांगितलं. त्याने खणातून मुठीचं जुनं मोठं भिंग काढलं, पुसलं आणि दिलं. त्याची पाटी काकांनीच लिहिलेली. पैशांचं नाव काढू दिलं नाही, पण बदल्यात त्याचं एक घड्याळ बघावं लागलं, त्याचे काटे उलटे फिरतात. तो मुद्दाम ते दुरुस्त करत नाही, कारण गिऱ्हाईक ते बघायला थांबतं. मी पण थांबले. खूप थांबले.

मग वाटलं, भिंग काकांच्या उशाशी ठेवू आणि पळत जाऊ. घरी आले तर काका उठून बसलेले. मी भिंग पुढे केलं. "हे घ्या. तोंडाने मागितलं असतं तरी आणलं असतं."

त्यांनी भिंगाकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी आलं. एवढं हसण्यासारखं काय होतं, मला समजलं नाही. तेवढ्यात धक्क्यावरून बोटीचा भोंगा ऐकू आला.

"गेली वाटतं," काका म्हणाले.

"कोण?"

"कोणी नाही." ते भिंग घेऊन उठले. "चल, हॉलवर जाऊ. पिशवी राहू दे इथेच. आज हलणार नाहीस ना?"

मी आज हललेच नाही. कसं काय, सांगता येणार नाही. भिंतीकडे पाठ केली, काकांचं मनगट खांद्यावर आलं, डाव्या हातात भिंग, नुसतं धरायचं म्हणून जमलं, उजव्यात ब्रश. माझ्यासमोर सगळी रिकामी बाकं, आता ओळीने लावलेली. चिमणी माझी वाट बघत असेल, मग बघायची थांबली असेल. नाकाला खाज आली आणि गेली. पाय बधिर झाला. कानाजवळ काकांचा श्वास, ब्रशचा आवाज, अगदी बारीक, कोणी कागदावर बोट फिरवावं तसा. मध्येच ते मनगट थरथरायचं, मग मी श्वास धरायचे, मग ते थांबायचं. मी धरत होते की ते, तेच कळेना. आधी सगळी अक्षरं, मग शेवटी शिरोरेघ, अशी त्यांची पद्धत. म्हणतात, आधी रेघ मारली की अक्षरं माना खाली घालतात.

वरची ओळ झाली तेव्हा अंधारून आलं होतं आणि मावशी न्यायला आली होती. दिवा लावून बघू या म्हटलं तर काका म्हणाले, नको, सकाळी उजेडात. मला तर मान वळवता येत नव्हती.

उतारा वाचला नाही.

शनिवार, २२ तारीख

सकाळी हॉलचं दार सेक्रेटरींनी उघडलं आणि तेच आधी आत गेले. मोठ्याने वाचलं.

"कृपया तुमचे तारण झाले आहे."

मग परत वाचलं, हळू. मग बाहेर गेले, आणि बाहेरून त्यांचं हसू ऐकू आलं. दाबलेलं, पण आलं.

मी बघितलं. खरंच 'कृपया' होतं. अक्षरं देखणी, सरळ, झटका आलेल्या हाताची वाटणार नाहीत अशी. आणि शब्द चुकीचा. भिंगातून काकांना अक्षराची कड तेवढी दिसत होती, पूर्ण शब्द दिसतच नव्हता, आणि मी पाठ करून उभी.

काका खुर्चीवर बसले. "हाताने घात केला. जन्मभर कृपया थुंकू नये, कृपया रांगेत उभे राहावे. 'कृप' काढलं की पुढे 'या' येतोच."

पाळक आले होते. ते भिंतीसमोर उभे राहिले, बराच वेळ, ओठ हलत होते. मग म्हणाले, "शाळेत आम्हाला संस्कृतच्या विभक्त्या घोकायला लावायचे. कृपा, कृपया. कृपया म्हणजे कृपेने. मुळात तोच शब्द आहे."

काकांनी मान वर केली. "म्हणजे मी आजवर पाट्यांवर..."

सेक्रेटरी दारातून म्हणाले, "पास्टर, ते बरोबर असेल. पण वाचणारा काय घोकून येणार आहे का? लोक हसतील."

"हसू देत," मावशी म्हणाली. "खाली लिहा, कृपया हसावे."

सगळेच हसले, काका सुद्धा. पण नंतर काका उठले. म्हणाले, अर्थ कितीही बरोबर असला तरी मला 'कृपेने' लिहायचं होतं आणि लिहिलं 'कृपया'. चूक ती चूक. पुसतो.

पाळक म्हणाले, पुसा.

टर्पेंटाइनने 'या' पुसला, पण पूर्ण गेला नाही, निळसर राहिला. मी परत खांदा दिला. 'प' वर मात्रा चढली, 'या' च्या जागी 'ने' बसला. थेंब खाली पडत होते, तर सेक्रेटरींनी स्वतःच कोपऱ्यातली गुंडाळी आणली, सोडली आणि उलटी करून जमिनीवर अंथरली. म्हणाले, पाठ कोरीच आहे, वाया कशाला घालवायची. मावशी तिच्यावर मांडी घालून बसली. तिच्या खाली काय छापलं होतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

खालची ओळ लिहिताना काका दमले. 'देव' झालं, 'विश्वासू' झालं, 'आहे' पर्यंत मनगट इतकं जड झालं की माझा गुडघा वाकला. पण दोघंही उभे राहिलो. शिरोरेघ झाल्यावर त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "पूर्णविराम तू दे."

मी कधी कशाला पूर्णविराम दिलेला नाही, हे त्यांना माहीत असणार. माझा जरा मोठा झाला आणि खाली ओघळला. पुसू का विचारलं. नको म्हणाले.

रविवार, २३ तारीख

हॉल भरला होता. पाहुणे भिंतीकडे बघत होते. काका मागच्या बाकावर बसले, पुढे बसा म्हटलं तरी. उपासना चालू असताना बाजूच्या खिडकीतून ऊन भिंतीवर आलं आणि 'कृपेने' च्या मागे तो पुसलेला 'या' दिसायला लागला. माझ्या पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी आधी 'कृपया' वाचलं, मग 'कृपेने' वाचलं, मग चष्मा काढून परत घातला.

बाहेर आल्यावर एका पाहुण्याने काकांना त्यांच्या शाळेच्या भिंतीबद्दल विचारलं. काकांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, माझी काठी मोकळी असेल तर बघू.

सगळे इतके खूश होते, मला मात्र अजून गोंधळच आहे. मी इथे थांबले ती घड्याळवाल्यामुळे, की भिंगामुळे, की उलट्या काट्यांमुळे? यात मी विश्वासू कुठे होते? मी तर पिशवी घेऊन निघाले होते. हे पाळकांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, तेही लिहून ठेव.

घरी आले तर माझ्या खोलीच्या दारावर पत्रा लावलेला. 'भिंगरी'. निळ्या रंगात, डाव्या हाताचं वळण.

मी काकांना विचारलं, तुम्ही तर भिंग मागत होतात, मग पुढे 'री' कशाला?

काका चहा ढवळत होते. म्हणाले, "जागा उरली होती."

पत्र्यावर जागा होती खरी. अजूनही आहे, दोन्ही बाजूंना.

आजचा उतारा वाचायचा राहिलाय. आधी पिशवी शोधली. मावशीने ती रिकामी करून धुतलीय आणि दोरीवर वाळत घातलीय, कपडे खणात आहेत, इस्त्री केलेले. पिशवी चांगली जाड कापडाची आहे, लवकर वाळायची नाही. ओल्या पिशवीत कपडे भरता येत नाहीत.

एवढं कळलं.